पाचवी मोजणी

जुन्या वैऱ्यांशी झालेला एकही सामना ज्याने एकतीस वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही, अशा माणसाला क्रिकेटवेडा म्हणायचं का? काटेवाल्यांना सगळे म्हणायचे आणि त्यात काही खोटंही नव्हतं. कुठलाही सामना विचारा, कोण कितीवर बाद झाला, नाणेफेक कुणी जिंकली, शेवटच्या ओव्हरमध्ये किती हवे होते, सगळं तोंडपाठ. फक्त हे सगळं त्यांनी पॅसेजमधल्या स्टुलावर बसून, बायकोच्या तोंडून ऐकलेलं होतं.

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे आणि बरोबर असल्याची चिठ्ठी द्यायची, हा त्यांचा धंदा. किराणा दुकानं, औषधांची दुकानं, दवाखाने, सगळीकडे त्यांचीच चिठ्ठी चिकटवलेली असायची. तीस वर्षं एकच काम केलं की नाव आपोआप गळून पडतं, तसं त्यांचं पडलं होतं.

भानगड सुरू झाली लग्नाच्या पहिल्या वर्षी. ते दुकानातून घरी आले, चपला काढल्या, खोलीत पाऊल टाकलं आणि त्याच चेंडूवर आपला सगळ्यात भरवशाचा फलंदाज त्रिफळाचीत झाला. ते पाणी प्यायला आत गेले, तर लागोपाठ तीन चौकार. तोंड पुसत परत आले, तर पुढचा पायचीत. नवी नवरी टीव्हीवरची नजर न हलवता एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही जरा पॅसेजमध्ये बसता का?"

ते बसले. सामना जिंकला. पुढचा सामना हट्टाने आत बसून पाहिला, तो हरला. मग काय विचारता. इतर कुणाशी सामना असला तर काटेवाल्यांना खुर्ची. त्यांच्याशी असला की स्टूल. त्या देशाचं नाव घरात कुणी घेत नसे, 'ते' म्हटलं की पुरे. शेवटचा चेंडू पडला की मगच आत यायची परवानगी, तोवर डोकावायचंसुद्धा नाही. सासरे आले, मेहुणे आले, मुलगी मोठी झाली, सगळे आत कोंडाळं करून बसायचे आणि घरचा कर्ता पुरुष बाहेर मांडीवर एखादा छोटा काटा घेऊन, स्क्रू पिळत, कान आत लावून.

बायकोला क्रिकेटमधलं शास्त्र शून्य कळायचं, पण सांगायची झकास. खेळाडूंची नावं तिच्या लक्षात राहत नसत. एक लंबू होता, एक रडक्या, एक गालफुग्या, एक नुसता 'तुमचा तो'. मैदानातल्या जागांची नावं तिला कळत नव्हती, म्हणून ती आपल्या खोलीवरून दिशा सांगायची. "मारला, मारला, खिडकीकडे. पळताहेत. दोन झाल्या." किंवा, "गेला तुमचा लंबू. कपाटाकडे उडवला आणि त्या मेल्याने धरला. मान खाली घालून चाललाय बिचारा." काटेवाल्यांच्या डोक्यात अख्खं मैदान त्या खोलीएवढं होतं. पुढे कव्हर म्हणजे खिडकी, लेग म्हणजे कपाट आणि समोर म्हणजे दार, असं त्यांचं बसून गेलं. त्यांना कधी वाईट वाटलं असेल असं समजू नका. बायको इतकं भरभरून त्यांच्याशी एरवी बोलत नसे.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली.

साध्या तापाने सुरुवात झाली आणि नवव्या दिवशी ती हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात होती. पलंगाच्या डोक्याशी एक पडदा आणि त्यावर हिरवे आकडे. काटेवाले पहिल्यांदा आत गेले, पलंगाशी उभे राहिले आणि रक्तदाबाचा वरचा आकडा उतरायला लागला. एकशे दहा, शंभर, ब्याण्णव. यंत्र बोंबलायला लागलं. नर्स धावत आली, म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर थांबा." ते थांबले. दहा मिनिटांनी आकडा जागेवर आला. दुसऱ्या दिवशी ते भीत भीत परत गेले, आणि परत तेच झालं. आता कुणीही शहाण्या माणसाने म्हटलं असतं की आजारच तसा होता. पण काटेवाल्यांच्या मागे एकतीस वर्षांचं स्टूल होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस महत्त्वाचा. मुलगी तिच्या गावाहून येऊन दोन दिवस आईच्या उशाशी होती. दुपारी ती बाहेर आली. काटेवाले पाण्याच्या मशीनजवळ भिंतीला टेकून उभे होते. "बाबा, आई बोलावतेय." ते म्हणाले, "तू बस तिच्याजवळ. मी इथेच बरा आहे." अर्ध्या तासाने ती पुन्हा आली. "बाबा, या ना आत." त्यांनी नुसती मान हलवली. चारला वीस मिनिटं कमी असताना सगळं संपलं. तेव्हाही ते बाहेरच होते.

का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? आपण बघितलं की विकेट पडते, म्हणून मी तुझ्या आईकडे बघितलं नाही, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं? ती परत जायला निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, "मी तुम्हाला काही विचारणार नाही, बाबा. पण ती वाट बघत होती, एवढं लक्षात ठेवा." तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, पाणी नीट येतंय का. तीन प्रश्न, तीन 'हो', आणि फोन बंद.

आणि मग 'त्यांच्या'शी मालिका जाहीर झाली. पाच एकदिवसीय सामने, सकाळी दहाला सुरू होणारे, संध्याकाळच्या चहापर्यंत संपणारे.

बातमी आणली शेजारच्या चष्मेवाल्याने. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून, आणि चष्मेवाल्याचं निम्मं आयुष्य काटेवाल्यांच्या दुकानात गेलेलं. "काटेराव, आता तरी आमच्याकडे या बघायला," तो म्हणाला. "वाटल्यास तुम्हाला दाराबाहेर स्टूल टाकून देतो." मग आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली आणि उगाचच चष्मा पुसत बसला.

काटेवाल्यांच्या डोक्यात त्या दुपारी विचार आला, तो एखाद्या काटेवाल्याच्याच डोक्यात यावा असा होता. काटा एका मोजणीवर पास करत नाहीत. प्रमाण वजन पारड्याच्या मधोमध ठेवून बघायचं, मग चारही कोपऱ्यांत ठेवून बघायचं. पाच जागी पाच मोजण्या. पाचही जुळल्या तर काटा खरा, नाहीतर चिठ्ठी नाही. त्यांच्या नजरेची अशी तपासणी कधी झालीच नव्हती. बायकोने दोन सामन्यांवर निकाल दिला आणि पुढची एकतीस वर्षं तो चालवून घेतला. आता पाच सामने समोर होते आणि घरात 'बाहेर बसा' म्हणणारं कुणी नव्हतं. पाचही बघायचे. आपली नजर खरंच वाईट असेल, तर आपण हरू. म्हणजे मग हॉस्पिटलात बाहेर उभं राहिलो ते बरोबरच केलं. आत गेलो असतो तर ती आणखी लवकर गेली असती. आणि जिंकलो, तर?

त्या 'तर'च्या पुढे ते जायचे नाहीत. तिथे आलं की उठून दुकानाची फळी पुसायचे. पण एवढं त्यांना पक्कं कळलं होतं, की जन्मभर ज्या संघासाठी स्टुलावर ताटकळले, त्याने या वेळी सपाटून मार खावा म्हणून ते देव पाण्यात घालून बसणार होते.

पहिला सामना रविवारी होता. त्यांनी चहा केला, कप घेतला आणि खोलीत आले. बायकोच्या खुर्चीत बसणं जमलं नाही, म्हणून दुसरी खुर्ची ओढली. टीव्ही लावला आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांची पंचाईत झाली. त्यांना कुणी ओळखूच येईना. लंबू कोण? मैदानात चौघे लंबू होते. गालफुग्या निवृत्त झाला की काय? पडद्यावर नावं येत होती, ती ओळखीची होती, पण त्या नावांना चेहरे चिकटत नव्हते. तासाभराने एकाने बाद झाल्यावर आभाळाकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा काटेवाल्यांना हायसं वाटलं. हाच तो रडक्या. ती म्हणायची तस्साच होता. हे कुणाला सांगावं म्हणून त्यांनी मान वळवली, आणि शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं. आठ महिन्यांत घर रिकामं वाटलं होतं, पण इतकं नाही.

आपण एकाहत्तर धावांनी हरलो. काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, आणि हात धुताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की नळ तसाच वाहत राहिला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तीन प्रश्न, तीन 'हो'.

"काटेराव, अख्खी गल्ली सुतकात आहे आणि तुम्ही शीळ घालताय," दुसऱ्या दिवशी चष्मेवाला म्हणाला.

"मी कुठे शीळ घालतोय?"

"घालत होतात. मी भिंतीपलीकडून ऐकली. वय झालं तुमचं, दुसरं काय."

बुधवारी काटेवाल्यांनी दुकानाला कुलूप लावलं, वर 'सामानासाठी गेलो आहे' अशी पाटी अडकवली आणि घरी येऊन खुर्चीत बसले. पाच गडी राखून 'ते' जिंकले. दुसरी मोजणीही जुळली.

तिसरा सामना रविवारी. हाही निम्म्याहून जास्त हातातून गेल्यासारखा होता. एकोणचाळिसाव्या ओव्हरमध्ये घरातली वीज गेली. पंखा गरगर करत थांबला, टीव्ही काळा झाला. काटेवाले खिडकीशी गेले, जिन्यात डोकावले, सगळ्या इमारतीतच वीज नव्हती. वीज आली तेव्हा कुणीतरी आपल्या कप्तानाच्या हातात बक्षीस देत होतं. शेवटच्या अकरा ओव्हरमध्ये सामना फिरला होता. म्हणजे काटेवाले बघत होते तोवर आपण हरत होतो, आणि त्यांची नजर हटली तसे जिंकलो. काटेवाल्यांच्या अंगावर काटा आला. आता यापेक्षा स्वच्छ पुरावा काय हवा? त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा ते "तुला एक सांगायचंय" म्हणाले, आणि ती "काय?" म्हणाली तर गडबडून म्हणाले, "पाणी आज कमी दाबाने येतंय."

चौथ्या सामन्याला तर कमालच झाली. दुपारी चारच्या सुमारास प्रसूतिगृहातून सिस्टरचा फोन. "काका, बाळांचा काटा बिघडलाय. एकाच बाळाचं वजन दोनदा दोन वेगळं आलं. आत्ता येता का?" बाळांच्या काट्याला उद्या येतो म्हणता येत नाही. काटेवाल्यांनी पिशवी उचलली. तिथे खाली वाकून पारडं काढलं, आतला अडकलेला कापसाचा बोळा काढला, प्रमाण वजन मधे ठेवलं, कोपऱ्यांत ठेवलं, पाची ठिकाणी बरोबर आलं तेव्हा चिठ्ठीवर सही केली. बाहेर येतात तर रस्त्यात लोक एकमेकांना टाळ्या देत होते. आपण जिंकलो होतो. दोन-दोन.

चार मोजण्या, चारही एकाच बाजूला. बघितलं तेव्हा हरलो, नाही बघितलं तेव्हा जिंकलो. घरी येताना काटेवाले ताठ चालत होते. बघ, ते मनात बायकोला म्हणत होते, मी आलो नाही ते तुझ्याचसाठी आलो नाही. लेकीलाही सांगणार होते, पाचवी मोजणी झाली की. तिला राग येईल, हसेल, वेडं ठरवेल, पण निदान बापाने पाठ फिरवली नव्हती हे तिला कळेल. एवढं झालं तरी त्यांना पुरे होतं.

पाचवा सामना पुन्हा रविवारी. चष्मेवाला शनिवारी दुकान बंद करता करता म्हणाला, "उद्या या घरी. सगळे येणार आहेत. एकटे काय बसता?"

"मी एकटाच बरा."

"मग निदान बघू तरी नका हो. पॅसेजमध्ये बसा. देशासाठी एवढं करा." तो गंमत करत होता, पण अगदीच गंमतही नव्हती.

काटेवाले पहिल्या चेंडूपासून बसले. 'त्यांनी' पहिल्यांदा खेळून दोनशे एकसष्ट केल्या. आपल्याला दोनशे बासष्ट हव्या होत्या. तेहेतिसाव्या ओव्हरमध्ये आपण सहा बाद एकशे अठ्ठेचाळीस होतो. रडक्याही आभाळाकडे बघून घरी गेला. काटेवाल्यांनी निवांतपणे दुसरा चहा केला, दोन बिस्किटं घेतली. दूध उतू जाऊ न देता, पूर्वी कधी न पाहिलेल्या शांतपणाने.

मग आठव्या नंबरचा एक बुटका पोरगेलासा गोलंदाज बॅट घेऊन उभा राहिला. बायकोच्या पश्चात संघात आलेला, म्हणजे त्याला टोपणनावसुद्धा नव्हतं. त्याला धड फटके येत नव्हते, पण बाद होण्याचंही नाव घेत नव्हता. एक, एक, दोन, एखादा चुकून चौकार. काटेवाल्यांचा चहा गार झाला. चाळिसाव्या ओव्हरला त्यांनी कप खाली ठेवला, पंचेचाळिसाव्या ओव्हरला ते खुर्चीच्या कडेवर आले. त्यांना आत कुठेतरी तो पोरगा आवडायला लागला होता आणि तो बाद व्हावा म्हणून ते तळमळतही होते. माणसाने एकाच वेळी दोन्ही पारड्यांत बसू नये. त्यांची तशीच गत झाली होती.

शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ हव्या होत्या, दोन गडी शिल्लक. पहिल्या चेंडूवर एक. दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर दोन. तीन चेंडूंत सहा. 'त्यांचा' कप्तान गोलंदाजाच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी समजावत बसला, आणि तेवढ्या वेळात काटेवाल्यांचे पाय आपोआप दाराकडे वळले.

ते अर्धे उठलेही होते. पॅसेज सहा पावलांवर होता. आत्ता बाहेर गेलो आणि जिंकलो, तर पाचवी मोजणीही जुळली. कुणाला कळणार होतं? त्यांनाच काय ते कळलं असतं. आयुष्यभर त्यांनी असे दुकानदार पाहिले होते, बोलता बोलता पारड्याला हळूच बोट लावणारे, आणि त्यांचे काटे त्यांनी तोंडावर नापास केले होते. काटेवाल्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ते परत खाली बसले. त्यांना इतकी भीती हॉस्पिटलातही वाटली नव्हती.

चौथ्या चेंडूवर दोन धावा. पाचवा चेंडू बॅटच्या बाजूने सरळ यष्टीरक्षकाकडे. एका चेंडूत चार. गोलंदाज धावत आला. बुटक्याने डोळे मिटूनच बॅट फिरवली असावी. चेंडू बॅटच्या आतल्या कडेला लागला, स्टंपला जेमतेम चुकवून मागे सटकला आणि घरंगळत, घरंगळत सीमेबाहेर गेला.

"कपाटाकडे गेला," काटेवाले मोठ्याने म्हणाले. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

बाहेर एकदम गलका उठला. पाठोपाठ दार वाजलं आणि चष्मेवाला धापा टाकत आत आला. काटेवाले खुर्चीत बसून रडत होते, तोंड न झाकता, खांदे हलवत. चष्मेवाल्याने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काटेराव, मानलं तुम्हाला. जिंकलो म्हणून इतका रडणारा माणूस मी बघितला नाही." त्याने त्यांचे खांदे दाबले, जिलबी वाटावी तशी चारदा शाबासकी दिली आणि बाकीच्यांना ही हकीकत सांगायला पळाला.

टीव्हीवर खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. काटेवाल्यांनी आवाज बंद केला. नजर खोटी होती. ती नेहमीच खोटी होती, एकतीस वर्षांपूर्वीही आणि आठ महिन्यांपूर्वीही. आकडे आपापल्या कारणाने उतरत होते, आणि ते पलंगाशी हात धरून बसले असते तरी तसेच उतरले असते. ती वाट बघत होती आणि ते पाण्याच्या मशीनला टेकून उभे होते, विनाकारण. आता हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना त्या खोलीत बसवेना.

त्यांनी फोन उचलला. मुलीला त्यांनी स्वतःहून कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे तिचा पहिला शब्द घाबरलेलाच आला. "बाबा? काय झालं?"

"काही नाही. जिंकलो आपण."

"हो, कळलं. इथे शेजारी नाचताहेत." मग नेहमीचाच प्रश्न आला. "जेवलात का?"

"मी बघितला सामना. आत बसून. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत."

"तुम्ही? त्यांच्याशी?"

"हो. आणि तरी जिंकलो. म्हणजे माझ्या बघण्याने काही होत नाही. कधीच होत नव्हतं." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी उगाच बाहेर उभा राहिलो, बाळा."

"कुठे बाहेर?"

पलीकडे शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकू येत होता, मग दार लावल्याचा आवाज आला आणि गोंगाट थांबला.

"हॉस्पिटलमध्ये?" मुलगी म्हणाली.

"मी आत गेलो की तिचे आकडे उतरायचे. दोनदा झालं. मी स्वतः बघितलं. म्हटलं, आजचा दिवस महत्त्वाचा आहे, आज नको जायला."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला तिला तसं बघवत नाही, म्हणून तुम्ही लांब पळालात. मी आठ महिने तुमच्यावर चिडून आहे, बाबा."

"चीड ना. चुकलंच माझं."

"तसं नाही. माझं ऐका." तिचा आवाज बदलला होता. "मी दुसऱ्यांदा तुम्हाला बोलवायला आले ना, तेव्हा आईने माझ्याजवळ एक निरोप दिला होता. मी तुम्हाला तो सांगितलाच नाही. मला वाटलं, ती गुंगीत बरळतेय. त्या दिवशी कुठे काही सामनासुद्धा नव्हता."

"काय निरोप?"

"म्हणाली, 'त्यांना म्हणावं, मॅच संपली. आता या आत.'"

काटेवाल्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. बायकोला माहीत होतं. आपण पळालेलो नाही, बाहेर का उभे आहोत, हे तिला पलंगावरून, दाराआडून, न विचारता माहीत होतं. आणि पुढे काय होणार तेही तिला कळलं होतं. त्यांनी डोळे पुसले, ते पुन्हा भरून आले. पलीकडे मुलगीही रडत होती, हे त्यांना तिच्या श्वासावरून समजत होतं.

"कशी म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"वैतागून. नेहमी आतून हाक मारायची तशी. म्हणून तर मला वाटलं की भान नाही तिला."

"पुन्हा सांग."

मुलीने पुन्हा सांगितलं.